कयाधू नावाची दुसरी

आमच्या भागातून दोन नद्या वाहतात. पैनगंगा मोठी. कयाधू धाकटी, ती हिंगोलीकडून येते, आमच्या शिवाराला एक वळसा घालते आणि पुढं पैनगंगेला जाऊन मिळते. हदगाव तालुक्यातल्या ज्या गावात माझा जन्म झाला ते या धाकट्या नदीच्या काठावर आहे. माझं नावही तेच. कयाधू.

मोठ्या नद्यांच्या नावाच्या बाया गल्लोगल्ली असतात. आमच्या गावातच गंगाबाया होत्या, गोदावऱ्या होत्या, एक नर्मदा होती. लहान नदीचं नाव मात्र लेकीला कुणी देत नाही. आसना नावाची, मन्याड नावाची बाई मी अजून पाहिलेली नाही. कयाधू नावाचीही कधी भेटली नव्हती. लग्नपत्रिका आली की मी आधी बायकांची नावं वाचायचे. एसटी स्टँडवर हरवलेल्या बाईचं नाव पुकारलं की कान द्यायचे. कुठंतरी एक असेल, असं वाटायचं.

माझ्या बारशाची गोष्ट मला आईनं सांगितली. घरात नाव ठरलेलं होतं. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी गेली होती, तेव्हा तिचंच नाव ठेवायचं असं सगळ्यांनी धरलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर हिमायतनगरकडं, पण नवऱ्यानं दुसरी केली म्हणून ती कायमची माहेरी आली होती. बायका पाळण्याभोवती बसल्या, पाळणा म्हणून झाला, आत्या वाकली, माझ्या कानात कुर्रर्र केलं आणि उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कयाधू."

आई सांगायची, कुणाला काही कळेचना. एक म्हातारी म्हणाली, "नदीला काय झालं?" कुणी हसलं. मग सगळ्यांनी वडिलांकडं पाहिलं. ते दारात उभे होते. ते थोडा वेळ बहिणीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ठिवलं तर ठिवलं. तिचा मान हाय." आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या.

आत्यानं असं का केलं, हे मी आईला लहानपणी विचारलं तर ती म्हणायची, "तिला आवडलं म्हणून." वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "नदी चांगली हाय आपली." आत्याला मी विचारलंच नाही. तिच्या मांडीवर मी मोठी झाले, तिच्याच अंथरुणात झोपायचे. ती मला 'कयादे' म्हणायची. शेतातून येताना लांबूनच हाक यायची, "कयादे, ए कयादे!" आणि मी जिथं असेन तिथून "ओ" द्यायचे. तेवढं तिला पुरत असे. हाक मारून काही काम सांगायचं असतं, असं तिच्या बाबतीत नव्हतं.

शाळेत नावाचा त्रास झाला. मी रडले की पोरं ओरडायची, "कयाधूला पूर आला!" सहावीत असताना नवे गुरुजी आले. त्यांनी पहिल्याच दिवशी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून मला उभं केलं.

"तुला ठाऊक आहे का गं, कयाधू कोण होती?"

"नदी."

"नदी आहेच. पण भक्त प्रल्हादाची आई होती ती. हिरण्यकश्यपूची राणी."

मला छातीत काहीतरी फुलल्यासारखं झालं. प्रल्हाद सगळ्यांना ठाऊक होता. त्याची आई मी होते. गुरुजींनी गोष्टही सांगितली. नवरा तप करायला गेलेला, राणी पोटुशी, तिला इंद्र धरून न्यायला निघाला, तर नारदांनी सोडवलं आणि आपल्या आश्रमात ठेवून घेतलं. तिथं ती नवऱ्याची वाट बघत राहिली आणि नारद जे सांगायचे ते पोटातल्या बाळानं ऐकलं. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे राक्षसाची बायको!" पण मला त्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अशी बाई होती व्हय? बरं झालं गुरुजीनं सांगितलं." म्हणजे तिला हे माहीतच नव्हतं. पुराणातलं नाव तिनं ठेवलं नव्हतं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

लग्न झालं आणि लातूरला आले. माझे मिस्टर डाळमिलीत मशिनी दुरुस्त करायचे. सासूबाईंनी बोलणी चालू असतानाच सांगितलं होतं, "हे असलं नाव आमच्यात चालायचं नाही, बदलून घेऊ." लग्नात तांदळाच्या ताटात मिस्टरांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं. चांगलं होतं. सोपं होतं. कुणी हाक मारली तर गल्लीतल्या आणखी दोन-तीन बायका वळून बघतील, असं नाव. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ते ताट उचललं आणि तांदूळ परत पोत्यात गेले.

मी त्या नावाला लवकर सरावले. खरं सांगायचं तर त्या नावानंही मला फारसं कुणी बोलावलं नाही. सासूबाई 'अगं' म्हणायच्या, मिस्टर 'ऐकलं का' म्हणायचे, मुलगा 'मम्मी', शेजारीपाजारी मुलाच्या नावानं 'अमक्याची मम्मी'. कयाधू फक्त माहेरी उरली. वडील गेले, पुढं आईही गेली. मग ती एकट्या आत्याच्या तोंडी उरली. भावानं तिला मोबाईल घेऊन दिला होता. ती सकाळी माझी भांडी घासून होतात त्या सुमाराला फोन करायची. "कयादे, जेवलीस का?" मी म्हणायचे, "आत्या, सकाळचे नऊ वाजलेत." "मंग चहा घेतलास का?" एवढंच. पण तेवढ्यासाठी मी मोबाईल ओट्यावर, हाताशी ठेवायचे.

सासूबाईंच्या मागून मिस्टरही अचानक गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला. दिवस झाल्यावर तो म्हणाला, "मम्मी, चल तिकडं." पण त्याचं घर दोन खोल्यांचं, सून दिवसभर कामावर, मी तिथं कुणाशी बोलणार? नको म्हणाले. मग भाऊ येऊन मला माहेरी घेऊन गेला. थोडे दिवस राहिले.

तिथं एका दुपारी आत्या ओसरीवर वाती वळत बसली होती. मी शेजारी बसले होते. घरातले सगळे शेतात. ती एकदम म्हणाली, "चाल, नदीवर जाऊ."

"उन्हाचं?"

"मंग कवा? सांजच्याला दिसत न्हाई मला."

तिला धरून धरून नेलं. नदी त्या वेळी बारीक होती, मधूनच धार, मधूनच डबकी. पलीकडच्या तीरावर सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. आत्या काठावरच्या करंजाखाली बसली. मग म्हणाली,

"तुला आता सांगून टाकते. तुझा मालक गेला, तुला बी आता समजंल."

"काय सांगतेस?"

"हे नाव तुझ्या आधी दुसरीचं हाय."

"कुणाचं?"

"मला लेक झाली होती. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते मी. तू झालीस त्याच खोलीत झाली. लई गोरी होती. बारशाच्या आधीच गेली." तिनं हातातली वात, ती तशीच हातात राहिली होती, बोटाला गुंडाळली. "लेकरू जाळत न्हाईत. तुझ्या बापानं आन चुलत्यानं हितं आणून पुरलं. ह्याच अंगाला. मला येऊ दिलं न्हाई, बाळंतीण म्हणून. मागून दाखवलं."

"मग?"

"मंग काय? नाव न्हाई ठिवलं तर हाक कशी मारावी? मला रडायला बी नाव नव्हतं. म्या म्हणलं, नदीनं ठिवून घेतली, तर नदीचंच म्हणावं. मनातल्या मनात म्हणत रायले. कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला तेवढं ठाऊक होतं. तुझ्या बारशाला वाकले आन आईचं नाव सांगायचं तर तोंडातून हेच निघालं."

नदीच्या पलीकडून कुणाचा तरी म्हातारा बैल पाण्यावर आला होता. आम्ही दोघी त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्याकडं बघत बसलो.

मी विचारलं, "आत्या, मग तू मला हाक मारायचीस ती कुणाला मारायचीस?"

"याडी का काय तू?" ती म्हणाली. "ओ तर तूच द्यायचीस."

घरी येताना ती माझ्या खांद्याला धरून चालत होती आणि तिचं वजन काहीच लागत नव्हतं. मला राग आला नव्हता. वाईट वाटलं, तेही वेगळंच. आयुष्यभर मी माझ्या नावाची दुसरी बाई शोधत होते, आणि ती माझ्या आधीच होऊन गेली होती. तिला कुणी मोठ्यानं एकदाही हाक मारली नव्हती. तिच्या वाटच्या सगळ्या हाका मला मिळाल्या होत्या.

पुढच्या वर्षी आत्या गेली. झोपेतच गेली. भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी ओट्याशीच उभी होते. त्यानंतर बरेच दिवस सकाळी भांडी झाली की मी मोबाईल उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. भावाची मुलं नांदेडला शिकायला होती, तर तोही घर बंद करून तिकडं राहायला गेला. शेत बटईनं दिलं. आता मला कयाधू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. भाऊ 'ताई' म्हणतो.

लातूरला घर मोठं होतं आणि मी एकटी. वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. आमच्या गल्लीत आता घरोघरी हेच आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली, सकाळी पाठीवर दप्तर घेऊन जातात आणि दिवस बुडता येतात. मला त्या 'काकू' म्हणतात. बोलायला त्यांना वेळ नसतो आणि मीही अडवत नाही. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की घरात कुणी आहे असं वाटतं, तेवढंच.

त्यातली एक मुलगी नांदेडची. बडबडी. रविवारी पेपर झाला की खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायची. एका रविवारी ती उड्या मारतच आली.

"काकू, मी मावशी झाले! मुलगी झाली ताईला. आता नाव शोधायचंय. 'क'वरून आलंय. पण ताईचं म्हणणं, वर्गात तीन-तीन असतात तसलं नको. कुणाचंच नसेल असं पाहिजे."

मी पोहे परतत होते. का बोलले कोण जाणे. इतक्या वर्षांत शेजारणीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"माझं आहे एक 'क'वरून," मी म्हणाले. "माहेरचं."

"काय?"

"कयाधू."

तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग मोबाईलवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं: अर्थ, भक्त प्रल्हादाची माता. लोकप्रियता, दुर्मिळ. "काकू! दुर्मिळ आहे! किती भारी आहे हे! आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" तिनं तिथंच बसून बहिणीला पाठवलं. बहिणीचं लगेच उत्तर आलं, लाल बदामांची रांग. मुलगी पोहे खाऊन वर गेली.

मला मात्र नंतर चैन पडेना. मोबाईलनं सांगितलेला अर्थ खरा होता, पण आमच्या घरात हे नाव त्या अर्थानं आलेलं नव्हतं. नुकतं जन्मलेलं लेकरू, त्याला आपण हे देतोय, आणि त्याच्या आईला काही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी क्लासला निघाली तेव्हा मी तिला जिन्याशी थांबवलं आणि चहा दिला. आणि आत्यानं करंजाखाली सांगितलं ते सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत राहिली. कप तसाच हातात. मग म्हणाली, "बरं काकू," आणि चपला घालून गेली.

त्यानंतर नावाचा विषय तिनं काढला नाही. मी विचारलं नाही. रविवारी ती खाली आली, पेपर अवघड होता म्हणाली, माझ्या पापड्या तोंडभरून वाखाणल्या, पण बाळाचं काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आलीच नाही. मी समजले. कुणीही हेच केलं असतं. तरी आतून असं झालं की उगीच तोंड उघडलं. आधी नाव सांगितलं ते उगीच आणि नंतर गोष्ट सांगितली तीही उगीच. इतकी वर्षं ते माझ्यापाशी गप्प होतं, तसंच राहिलं असतं. त्या दिवसांत घर फार मोठं वाटायचं. मी टीव्ही लावून ठेवायचे आणि बघायचे नाही.

मग एका सकाळी मोबाईलवर पत्रिका आली. फुगे, पाळणा, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत: 'कयाधू' हिच्या नामकरण सोहळ्यास अगत्य येण्याचे करावे. खाली त्या मुलीचा निरोप: काकू, यायचंच. ताईनं बजावून सांगितलंय.

माझं नाव मी लग्नानंतर पहिल्यांदाच छापलेलं बघत होते. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत ते होतं, पण ती माझ्याकडं नाही.

नांदेडला एसटीनं गेले. बारसं एका छोट्या हॉलमध्ये होतं. पाळण्याला फुलं लावलेली, मागं थर्माकोलची अक्षरं. बाळाची आई म्हणजे आमच्या मुलीची ताई. तिला मी प्रथमच बघत होते. ती लांबूनच हसली, पण बायकांच्या गराड्यात होती. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. माझ्या मागं बाळाची आजी, वडिलांकडची, कुणाला तरी कुरकुरत सांगत होती, "राक्षसाच्या बायकोचं नाव ठेवतात का कुणी? पण आजकालच्या पोरींना सांगणार कोण?" त्यावर एक टोपीवाले गृहस्थ तिला प्रल्हादाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. हळदीकुंकवाचं ताट माझ्या शेजारणीपर्यंत आलं आणि माझ्यावरून पुढं गेलं. त्याची सवय आहे.

पाळणा म्हणून झाला. बाळाची आत्या, नुकती कॉलेज संपवलेली असावी, वाकली. कुर्रर्र केलं. आणि उठून जोरात म्हणाली, "कयाधू!" हॉलमधली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "कयाधू!" टाळ्या झाल्या. एका पोरीनं ते मागून पुन्हा ओरडलं, मग दुसरीनं. एवढ्या जणांच्या तोंडून मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडाशी 'ओ' आली. मी पदर तोंडाशी धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, "ठसका लागला का? पाणी आणू?"

जेवणं चालू झाली तेव्हा बाळाची आई लेकराला घेऊन माझ्याकडं आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काकू, मला बहिणीनं सगळं सांगितलंय. तुमच्या आत्याचं."

"मग तरी कसं ठेवलंत?"

"नव्हतेच ठेवणार. खरं सांगते. ह्यांना म्हणाले, दुसरं बघू. दुसरं ठरवलंही होतं. पण रात्रंदिवस पाजताना हिला काहीतरी म्हणावं लागतं ना. तोंडातून हेच यायचं. आधी तेच डोक्यात बसलेलं. मग दुसरं काही म्हणलं की परक्या लेकराला बोलावल्यासारखं व्हायला लागलं." तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "सासूबाईंना नाही सांगितलं हां मी. तुम्हीही नका सांगू."

"नाही सांगत."

"घ्या ना."

मी बाळाला घेतलं. झोपेतच होतं. मला तिला नावानं हाक मारायची होती, पण स्वतःचं नाव घेऊन दुसऱ्या कुणाला हाक मारायची हे मला जमेना. मी नुसतीच तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं आणि तिची आई तिला घेऊन गेली. सगळे पाळण्यापाशी उभे राहिले. आमची मुलगी मला हात करून बोलावत होती. मी इकडूनच नको म्हणाले.

त्या दिवशी भावाकडं मुक्काम केला. सकाळी त्याला म्हणाले, "गावाकडं जाऊन येते."

"कशाला, ताई? काही नाही तिथं. घराला कुलूप आहे."

"नदीवर जाऊन येते."

त्याला ठाऊक असेल की नसेल, मी कधी विचारलं नाही. त्यानं मला हदगावच्या एसटीत बसवून दिलं. हदगावहून रिक्षानं गावाच्या फाट्यापर्यंत, आणि पुढं पायी.

नदी ओळखू येईना. रेतीसाठी खोदून खोदून पात्रात खड्डे पडले होते, एका खड्ड्यात तेवढं हिरवं पाणी. तीर ढासळला होता. करंज कुठं होता तेही मला नक्की सांगता आलं नसतं. मी एका दगडावर उभी राहून नुसती इकडंतिकडं बघत होते. खाली पाण्यापाशी एक बाई कपडे धूत होती. माझ्याच वयाची असेल. तिनं मान वर करून विचारलं,

"कोन वं बाई? कोनाकडं आलाव?"

"कुणाकडं नाही. इथलीच आहे मी."

"हितली? म्या तर कधी पाह्यलं न्हाई. नाव काय?"

"कयाधू."

ती हसली. "नदीचं न्हाई वं. तुमचं इचारून राहिले."

"माझंच आहे."

"असं नाव रायते का बाईचं?" तिनं कपडा आपटायचा थांबवला. मी आमचं घराणं सांगितलं. तिनं ओळखलं. या गावात ती सून म्हणून आली तेव्हा मी लग्न होऊन गेले होते. "ते तर समदे नांदेडला गेले. म्हातारी होती त्यांची एक, आत्याबाई. लई यायची हितं."

"काय करायची?"

"काय करायची, बसायची. म्या धुणं धुवून जाईस्तोवर बसायची. मंग उठून जायची."

"काही बोलायची का?"

तिनं आठवून पाहिलं. "न्हाई. म्हणायची, तू कर तुझं काम."

ती पुन्हा धुवायला लागली. मी खाली उतरून जरा सावलीला बसले. तिचे कपडे झाले, पिळून झाले, तिनं ते टोपल्यात रचले आणि टोपलं डोक्यावर घेतलं. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "उन्हाचं लई येळ बसू नका, कयाधूबाई."

मी दुपारच्या गाडीनं निघाले. लातूरला पोचायला दिवस मावळला. नळाला पाणी येण्याचा वार होता. वरच्या मुलींनी टाकी भरून घेतली होती आणि अंगणात सांडलेलं पाणी तसंच होतं. आमची नांदेडची मुलगी आदल्या दिवशीच परतली होती. ती जिन्यातूनच म्हणाली, "काकू, किती छान झालं ना बारसं?"

"छान झालं," मी म्हणाले. नदीवर गेले होते, हे तिला सांगितलं नाही. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. ती वर गेली. मी केरसुणी घेऊन अंगणातलं पाणी बाहेर काढलं आणि एकटीपुरता भात लावला.